कॉलेजची फी, सरकारी मदत आणि मधले आठ महिने

पावसाळ्याच्या तोंडी कापडाच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात. एक लग्नसराईची उधारी फेडायला येणारे आणि दुसरे मुलांच्या फीसाठी नवी उधारी मागायला येणारे. पूर्वी दुसऱ्या प्रकारचे लोक फारसे नसत. आता दरवर्षी वाढत आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या मोहल्ल्यांतील मुले-मुली बारावीनंतर घरी न बसता पुढे शिकू पाहतात, हाच त्याचा अर्थ.

२०२३ च्या पावसाळ्यात धुळ्याचे एक कारखानदार माझ्या दुकानी आले. सहा माग, सूत व्यापाऱ्याचे, विणण्याची मजुरी त्यांची. म्हणाले, "सेठ, यंदा सूत नको, रोकड द्या. मुलीचा नंबर फार्मसीला लागला आहे. चार दिवसांत पैसे भरायचे आहेत." माझी उगराणी गावोगाव अडकलेली होती. मी म्हणालो, "भाई, आठ दिवसांनी या, काहीतरी करू." ते गेले. आठ दिवसांनी ते आले नाहीत, म्हणून मीच निरोप पाठवला. उत्तर आले की तारीख निघून गेली, जागा दुसऱ्याला मिळाली. ती मुलगी सरकारी सवलतीला पात्र होती. म्हणजे सरकार पैसे देणार होते, व्यापारीही देणार होता, पण दोघांचेही पैसे वेळेवर हजर नव्हते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा हिशेब मांडत आलो आहे. कॉलेजच्या शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, द्यावा तर कोणाला आणि कसा, यावर दिल्लीपासून जळगावच्या चहाच्या दुकानापर्यंत वाद चालतो. वाचक बंधूंना या वादातील बाजू, आज उघडे असलेले दरवाजे आणि आपले काम, हे तिन्ही थोडक्यात कळावे म्हणून हा लेख.

फी एवढी वाढली कशी?

शिक्षणासाठी मदत देणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि बोर्डिंगची सोय केली. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ठराविक उत्पन्नाच्या आतील पालकांच्या मुलांना फी माफी मिळू लागली. ई.बी.सी. या नावाने ती आपल्या पिढीला माहीत आहे. त्या सवलतीवर शेतकऱ्यांची, साळ्यांची, विणकरांची किती तरी मुले शिकून मोठी झाली. तेव्हा कॉलेजे सरकारी किंवा अनुदानित होती, फी बेताची होती, त्यामुळे माफीचा बोजाही बेताचा होता.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. कॉलेजे वाढली, जागा वाढल्या, जी मुले एरवी कर्नाटकात जात ती इथेच शिकू लागली. परंतु इमारत, प्रयोगशाळा आणि शिक्षकांचे पगार हा सारा खर्च फीमधूनच निघू लागला. मग फी ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कोर्टात गेला. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्याचा निकाल लागला. २००५ साली पुण्याच्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. या निकालांचे सार असे की, खाजगी विनाअनुदानित संस्थेला आपला खर्च भागेल आणि वाढीसाठी काही उरेल एवढी फी घेण्याचा हक्क आहे, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले आणि अशा कॉलेजांची फी ते ठरवू लागले.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पूर्वी सरकार कारखान्याला अनुदान देत होते, म्हणून माल स्वस्त होता. आता माल पूर्ण भावाने विकला जातो आणि सरकार काही गिऱ्हाइकांना सूट देते. या सुटीचेच नाव शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती.

वाद काय आहे?

पहिला आक्षेप असा की दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी करदात्याने पैसा का द्यावा? ज्याला शिकायचे त्याने कर्ज काढावे आणि कमावू लागल्यावर फेडावे. यावर आपल्या धंद्यातलेच उदाहरण देतो. यंत्रमागाला महाराष्ट्रात वीजदरात सवलत मिळते. यंत्रे बदलण्यासाठी केंद्राने १९९९ साली तंत्रज्ञान सुधार निधी योजना काढली, तिचा लाभ अनेक कारखानदारांनी घेतला. त्याला कोणी खैरात म्हटले नाही. माग चालला तर सूतवाला, रंगवाला, हमाल, दुकानदार सगळेच जगतात, म्हणून सरकार मागाला हात देते. विणकराची मुलगी औषधनिर्माती झाली तर तिचा फायदाही तिच्या घरापुरता राहत नाही. लोखंडाच्या मागाला सवलत रास्त आणि माणसाच्या डोक्याला सवलत गैर, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप असा की सरकार मदत देते म्हणूनच कॉलेजे फी वाढवतात. अमेरिकेत १९८७ साली तिथले शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी हाच मुद्दा मांडला होता आणि त्यावर आजतागायत वाद चालू आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. सूट सरकार देणार हे ठाऊक असेल तर कोणताही दुकानदार छापील किंमत वाढवून ठेवील. पण त्यावर उपाय सूट बंद करणे हा नव्हे, छापील किमतीवर नजर ठेवणे हा आहे. आपल्याकडे त्यासाठी प्राधिकरण आहेच. पालकांनी कॉलेजची मंजूर फी विचारून घ्यावी आणि तिच्यावर एक रुपयाही जास्त मागितला तर पावती मागावी. याच्याच जोडीला सरकारी कॉलेजांतील जागा वाढवण्याची मागणीही लावून धरली पाहिजे. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा जळगाव आणि धुळ्याची शासकीय तंत्रनिकेतने यांतील जागा म्हणजे मूळ भावातच स्वस्त माल. तिथे शिष्यवृत्तीची वाट कमी पाहावी लागते.

तिसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. याचे उत्तर देताना मान खाली जाते. २०२३ साली केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने शिष्यवृत्तीच्या तपासणीत १,५७२ संस्था पाहिल्या. त्यांतील ८३० संस्था बोगस किंवा बंद निघाल्या. १४४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम खोट्या नावांवर गेल्याचा हिशेब निघाला आणि प्रकरण सी.बी.आय.कडे गेले. हा पैसा आपल्याच गरीब मुलांच्या नावाने आलेला होता. ज्यांनी तो खाल्ला त्यांनी सरकारला तर लुबाडलेच, पण एखाद्या यतीम मुलाच्या वह्या-पुस्तकांवरही हात मारला. तरीही बाजारात काही जण खोटे माप वापरतात म्हणून कोणी बाजार बंद करत नाही. माप तपासतात आणि लबाडाला पकडतात. शिष्यवृत्तीतही तेच व्हावे.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक. मदत उत्पन्न पाहून द्यावी, धर्म पाहून का? इथे आकड्यांकडे पाहावे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला तेव्हा वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक ४ टक्क्यांहूनही कमी होते. संपूर्ण देशाचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशातील कॉलेज विद्यार्थ्यांत मुसलमान ४.८७ टक्के होते, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील वाटा १४.२ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे कोरोनाच्या काळात, आपल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २१ लाखांवरून १९ लाखांवर घसरली होती. ज्याचा पाय मागे आहे त्याला हात देणे हा पक्षपात होत नाही. शिवाय अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांनाही उत्पन्नाची मर्यादा आहेच. श्रीमंत मुसलमानाला ती कधीच मिळत नव्हती.

दिल्लीची विहीर आटते आहे

सच्चर अहवालानंतर केंद्राने मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक शिक्षणासाठी गुणवत्ता-नि-गरज अशा तीन शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २००९ मध्ये पीएच.डी. करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद फेलोशिप आली. गुणवत्ता-नि-गरज योजनेत वर्षाला २० हजारांपर्यंत फी आणि वरून निर्वाह भत्ता मिळे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख.

२०२२ च्या अखेरीस वारे फिरले. पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली. कारण दिले गेले की शिक्षणहक्क कायद्याने ते शिक्षण मोफतच आहे. डिसेंबरमध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. कारण दिले की इतर योजनांतूनही तोच लाभ मिळतो. गुणवत्ता-नि-गरज योजनेची अर्थसंकल्पातील तरतूद २०२२-२३ मध्ये ३६५ कोटी होती. ती २०२३-२४ मध्ये ४४ कोटी, २०२४-२५ मध्ये सुमारे ३४ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ७ कोटी ३४ लाखांवर आली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची तरतूद २०२४-२५ मध्ये १,१४५ कोटी होती, ती पुढच्याच वर्षी ४१४ कोटींवर आली.

दुहेरी लाभाच्या कारणात थोडे तथ्य आहे. मोमीन मुलाला ओ.बी.सी.ची सवलत मिळू शकते, हे खरे. पण नियमच असा आहे की एका अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याने एकच शिष्यवृत्ती घ्यावी. दोन दुकाने उघडी असली आणि गिऱ्हाईक एकाच ठिकाणी खरेदी करणार असेल तर दुप्पट खर्च होतो कुठे? एक दुकान बंद झाले की मात्र ज्याच्याकडे दुसऱ्या दुकानाचे कार्ड नाही तो उपाशी परततो. आपल्या समाजात अशी कार्डे नसलेली माणसे फार आहेत.

आज उघडे असलेले चार दरवाजे

दिल्लीची विहीर आटली तरी राज्याच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. आपल्या खानदेशात मुसलमान मुलांसाठी चार दरवाजे आहेत. कोणाचा कोणता, हे आधी ओळखावे.

पहिला दरवाजा तडवी बांधवांचा. यावल, रावेर, चोपडा या भागातील तडवी भिल्ल हे धर्माने मुसलमान असले तरी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्या मुलांना आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे आहेत. हा दरवाजा सर्वांत रुंद आहे. जातीचा आणि वैधतेचा दाखला मात्र पक्का हवा.

दुसरा दरवाजा ओ.बी.सी.चा. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, मणियार, अत्तार अशा कष्टकरी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओ.बी.सी. चळवळ उभी केली आणि अभिनेते दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. व्यावसायिक अभ्यासक्रमात या मुलांना शिक्षण शुल्काचा मोठा भाग परत मिळतो.

तिसरा दरवाजा खुल्या गटातील आर्थिक दुर्बलांचा. ज्या मुसलमानांची बिरादरी कोणत्याही यादीत नाही, त्यांना २०१९ पासून ई.डब्ल्यू.एस.चा दाखला काढता येतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. ज्या शाहूंनी १९०६ मध्ये आपल्या मुलांसाठी बोर्डिंग काढले त्यांच्याच नावाची ही योजना. ती दुसऱ्यांची आहे असे समजून आपले लोक तिच्याकडे फिरकत नाहीत.

चौथा दरवाजा राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा. उच्च, तंत्र आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ती वेगवेगळ्या संचालनालयांमार्फत दिली जाते. जातीचा दाखला नसलेल्याला हाच आधार.

मुलींसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ई.डब्ल्यू.एस., ओ.बी.सी. आणि एस.ई.बी.सी. गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर माफी नाही. धुळ्याच्या त्या मुलीचे एक वर्ष चुकले नसते तर दुसऱ्या वर्षापासून तिला याच निर्णयाचा आधार मागता आला असता.

दरवाजे चार आहेत, पण आत जाताना एकच निवडावा लागतो. म्हणून कापड घेताना आपण चार ठिकाणचा भाव पाहतो तसा चारही योजनांचा भाव पाहावा आणि जिथे जास्त मिळते तिथे अर्ज करावा.

दाखल्याचे दुखणे

अडचण खरी दाखल्यांत आहे. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिले "मुसलमान". बिरादरी कोणी विचारली नाही, वडिलांनी सांगितली नाही. त्या काळी ते सांगणे कमीपणाचे वाटे, आणि दीनच्या नजरेने सगळे सारखे, ही भावनाही होती. ती भावना चांगलीच आहे. पण आज माझ्यासारख्यांच्या नातवंडांना ओ.बी.सी.चा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तिथे "मुसलमान" या एका शब्दावर गाडी अडते.

अशांनी आजोबा, चुलत आजोबा, आत्या, कोणाच्याही जुन्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, घराचे खरेदीखत शोधावे. कुठे तरी "मोमीन", "पिंजारी" असा शब्द सापडतो. रक्ताच्या नात्यातील एकाला वैधता मिळाली असेल तर बाकीच्यांचे काम सोपे होते. दुसरे दुखणे नावांचे. उर्दू शाळेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. शिष्यवृत्तीचा पैसा आता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. नाव जुळले नाही तर मंजूर झालेला पैसाही वर्षभर लटकतो. मूल आठवी-नववीत असतानाच हे दुरुस्त करावे. बारावीच्या निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभे राहणे म्हणजे ईदच्या आदल्या रात्री माल भरायला सुरतेला निघण्यासारखे आहे.

मधले आठ महिने

आता लेखाच्या मूळ मुद्द्यावर येतो. समजा, दाखले आहेत, अर्ज भरला, मंजूरही झाला. पैसा कधी येतो? प्रवेश ऑगस्टच्या सुमारास होतो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी पुढच्या वर्षात पडतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा सूचना शासन वेळोवेळी काढते. पण कॉलेजलाही दर महिन्याला पगार करायचे असतात. ते म्हणते, आता भरा, सरकारकडून आले की तुमच्या खात्यात जमा होईलच. जी फी माफ आहे तिच्यासाठीही काही ठिकाणी रक्कम मागितली जाते. शिवाय वसतिगृह, मेस, पुस्तके आणि बसचा पास यांना माफी नाहीच.

म्हणजे सरकारने मदत दिली, पण उधारीवर दिली आणि त्या उधारीचे भांडवल विणकराने घालायचे. ज्याच्याकडे आठ महिने गुंतवायला चाळीस-पन्नास हजार आहेत त्याला शिष्यवृत्ती मिळते. ज्याच्याकडे ते नाहीत, म्हणजे ज्याच्यासाठी ती योजना काढली, त्याला ती मिळत नाही. आपल्या धंद्यात मालाला मागणी असूनही खेळते भांडवल नाही म्हणून किती माग बंद पडतात ते आपण पाहतो. इथेही तीच गोष्ट आहे.

म्हणून सरकारकडे आपली मागणी नुसती "शिष्यवृत्ती वाढवा" अशी मोघम नसावी. तीन गोष्टी नेमक्या मागाव्यात. एक, प्रवेशाच्या दिवशीच पात्रता ठरावी आणि पहिला हप्ता दिवाळीपूर्वी मिळावा. दोन, केंद्राच्या अल्पसंख्याक योजनांची दोन-अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा राज्याप्रमाणे वाढवावी. तीन, सूचना मोडून आगाऊ फी घेणाऱ्या कॉलेजावर कारवाई व्हावी आणि तक्रार कुठे करायची ते कॉलेजच्या फलकावर मराठीत लिहिलेले असावे.

कर्ज हा पर्याय आहे का?

काही जण म्हणतात शिष्यवृत्तीऐवजी कर्ज द्या. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ठराविक रकमेपर्यंत तारण लागत नाही, रक्कम वाढली की जामीन किंवा तारण मागितले जाते. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज ३ टक्के दराने मिळते. तिथेही जामीनदार शोधता शोधता पालक थकतो.

पण आपल्यासाठी प्रश्न केवळ दराचा नाही. व्याज तीन टक्के असो की बारा, ज्याला ते नको आहे त्याच्यासाठी तो दरवाजा बंदच. मदतीऐवजी फक्त कर्ज ठेवणे म्हणजे अशा माणसाला रांगेतून बाहेर काढणे. ज्यांना व्याजाची अडचण वाटत नाही त्यांनीही अमेरिकेकडे पाहावे. तिथे विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज १.६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. अध्यक्ष बायडेन यांनी ते काही प्रमाणात माफ करायचे ठरवले तर जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती योजना रद्द केली. शिकून बाहेर पडलेला तरुण पहिली वीस वर्षे हप्तेच भरत राहिला तर तो धंदा काय काढणार?

आपल्या गल्ल्यातून

सरकारकडे मागायचे ते मागू. पण मधले आठ महिने भरून काढणे हे आपल्या बाजाराच्या आवाक्यातले काम आहे. हिशेब पाहा. चाळीस दुकानदारांनी आणि कारखानदारांनी प्रत्येकी दहा हजार एकदाच दिले तर चार लाख होतात. त्यातील साठ हजार राखीव ठेवा. उरलेल्या तीन लाख चाळीस हजारांतून प्रत्येकी वीस हजार याप्रमाणे सतरा मुलांचा पहिला हप्ता भरता येतो. शिष्यवृत्ती आली की पैसा परत, पुढच्या ऑगस्टला पुन्हा सतरा मुले. दोघा-तिघांचा पैसा उशिरा आला तर राखीव रक्कम आहे. एकदा दिलेले दहा हजार दहा वर्षे फिरू शकतात. यालाच कर्ज-ए-हसना म्हणतात आणि आपल्याला ते कोणी नव्याने शिकवायला नको.

काही नियम मात्र पाळावेत. पैसा पालकाच्या हाती न देता कॉलेजच्या खात्यात भरावा आणि पावती घ्यावी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये, म्हणजे अर्ज भरण्याची शिस्तही लागेल. सगळे लिहून, दोन साक्षीदारांसह करावे. कुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, हे आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये. जकातीची वही वेगळी ठेवावी. जकात गरजूला मालक करून द्यावी लागते, ती कर्जाऊ फिरवता येत नाही असे उलेमा सांगतात. म्हणून जकातीतून अगदी गरिबाचे मेस आणि पुस्तकांचे पैसे द्यावेत, देणग्यांतून फिरता निधी चालवावा, शंका असेल तिथे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. निधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा आणि वर्षाचा हिशेब जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या फलकावर लावावा. आणि बिरादरी पाहून देऊ नये. मोमीनच्या पैशातून पिंजाऱ्याचे मूल शिकावे, बागवानच्या पैशातून तडव्याचे.

फायदा काय, असे कोणी विचारील. अमळनेरची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे अझीम प्रेमजींच्या हाती त्याची विप्रो झाली. ज्या अमळनेरकरांनी ते शेअर घेऊन पेटीत ठेवून दिले ते पुढे लखपती, करोडपती झाले. ज्यांनी लगेच विकले त्यांनी चार दिवस चैन केली. मुलांच्या शिक्षणात घातलेला पैसा पहिल्या प्रकारचा आहे. उशिरा येतो, पण येतो तेव्हा घराचा उंबरठा बदलून टाकतो.

आम्ही काही व्यापाऱ्यांनी गेल्या वर्षी हे काम लहान प्रमाणात सुरू केले. पहिल्या वर्षी नऊ मुलांना पैसे दिले. आठांचे परत आले, नवव्याचे येतील, इन्शाअल्लाह. धुळ्याचे ते कारखानदार आजही माझ्याकडे कापड घेऊन येतात. त्यांची मुलगी घरी शिकवण्या घेते आणि धाकट्या बहिणीला बारावीची तयारी करून देते. गेल्या खेपेला ते हिशेब संपवून उठताना म्हणाले, "सेठ, धाकटीचा निकाल पुढच्या वर्षी आहे." मी वहीत त्यांच्या खात्यावर तारीख लिहून ठेवली आहे. यंदा आठ दिवसांनी या, असे म्हणणार नाही.